घाट अडीच तासांचा, दिवस साडेतेरा तासांचा

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई पुण्यात राहतात, वय ४६, बँकेत नोकरी. दीड वर्षापूर्वी त्यांनी सायकल घेतली. आता रविवारी सकाळी सपाट रस्त्यावर ६०-८० किलोमीटर सहज होतात, वेग ताशी २१-२२ च्या आसपास. ग्रुपमधल्या सगळ्यांबरोबर उत्साहाच्या भरात त्यांनी २०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, फी भरून टाकली. मार्ग पुणे-पाचगणी-पुणे, जानेवारीतला शनिवार, पहाटे ६ ला सुरुवात. हातात आठ आठवडे आहेत. मागच्या महिन्यात जुना कात्रज घाट चढताना त्यांना दोनदा उतरावं लागलं, ४० मिनिटं लागली, आणि तेव्हापासून वाई आणि पाचगणीमधला पसरणीचा घाट डोळ्यांसमोरून हलत नाही. ग्रुपमधले म्हणतात, तुझ्या सरळ हँडलच्या हायब्रिडवर हे व्हायचं नाही, वेगासाठी बनवलेली रोडबाइक घे. एकजण म्हणाला, ‘तुझ्यासाठी थांबत बसलो तर आमचीही राइड जाईल.’ घरून होकार आहे, पण यजमानांची अट अशी की ते गाडी घेऊन मागेमागे येणार. ताईंचा प्रश्न: ‘घाटात सायकल हातात धरून चालायची वेळ आली तर सगळ्यांसमोर शोभा होईल. नाव काढून घेऊ, की नवी सायकल घेऊ?’

ताई,

तुम्ही पुढे ठेवलेले दोन्ही पर्याय पैशांचे आहेत. एकात भरलेली फी बुडते, दुसऱ्यात लाखभर रुपये जातात. दोन्हींपैकी काहीही करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. तुमच्या पत्रात घाट जागोजागी आहे आणि घड्याळ एकदाही नाही. बीआरएम मात्र घड्याळावरच चालते.

आधी नियम बघू, म्हणजे लाजेचा मुद्दा बाजूला होईल. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात चहापाणी, पंक्चर, सगळं आलं. ज्या ऑदाक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांवर जगभर बीआरएम होतात, तो १९०४ साली स्थापन झालेला क्लब पहिला-दुसरा नंबर देतच नाही. आठ तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांचं ब्रेव्हे, म्हणजे राइड पुरी केल्याची नोंद, सारखंच. उलट फार पळालात तर पंचाईत होते, कारण २०० किलोमीटरचा शेवटचा कंट्रोल, म्हणजे कार्डावर वेळ नोंदवून घ्यायचं ठिकाण, सुरुवातीपासून ५ तास ५३ मिनिटं झाल्याशिवाय उघडतच नाही. सायकल स्वतःच्या ताकदीवर पुढे न्यायची, ही मुख्य अट. चढावर उतरून चालत नेली म्हणून कोणी नाव खोडत नाही. कंट्रोलवर शिक्के मारायला बसते तेव्हा समोरचा माणूस घाट बसून चढला, उभं राहून चढला की चालत आला, हे मला कळतही नाही. कार्डावर फक्त वेळ लिहायची असते.

राहता राहिला ग्रुप. ‘तुझ्यासाठी थांबलो तर’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना थांबायला सांगितलं कोणी? बीआरएममध्ये प्रत्येकजण आपापला. त्यांना आजच सांगून टाका की तुम्ही तुमच्या वेगाने जाणार आहात, त्यांनी त्यांच्या. हे मोकळेपणाने सांगितलंत तर त्यांचाही जीव भांड्यात पडेल आणि तुमची एक मोठी चूक टळेल. पहिल्या तीस किलोमीटरमध्ये ग्रुपच्या चाकाला चाक लावून ताशी २७ ने पळायचं आणि पसरणीच्या पायथ्याशी पाय संपलेले असायचे, असे लोक दर वर्षी दिसतात. घाटाने त्यांना हरवलेलं नसतं. ते शिरवळलाच हरलेले असतात.

आता गणित. रस्ता तुम्हाला माहीत आहे: कात्रजचा जुना घाट, खेड शिवापूर, शिरवळ, सातारा जिल्ह्यातलं खंडाळा, खंबाटकी, सुरूर फाट्याला आत वळून वाई, आणि मग पसरणी. अंतर जाताना साधारण १०० किलोमीटर. कात्रजची चढण पाचेक किलोमीटर. ती ताशी ९ ने चढलात तर ३३ मिनिटं. खंबाटकी चारेक किलोमीटर, ताशी ८ ने अर्धा तास. पसरणीची मुख्य चढण अकराएक किलोमीटर, ताशी साडेसातने ८८ मिनिटं. म्हणजे तिन्ही घाट मिळून अडीच तास. बाकीच्या ८० किलोमीटरमध्ये उतारही आहेत, तिथे तुमचाच ताशी २२ चा वेग धरू: तीन तास ३८ मिनिटं. एकूण सहा तास दहा मिनिटांच्या आत-बाहेर. आकडे ढोबळ आहेत, सुरुवातीची जागा बदलली की दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलत नाही.

खरी गोम इथे आहे. मधल्या कंट्रोललाही बंद होण्याची वेळ असते, आणि ती ताशी १५ किलोमीटरच्या हिशोबाने निघते. १०० व्या किलोमीटरवरचं पाचगणी ६ तास ४० मिनिटांनी, म्हणजे दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी बंद. तुमच्या हातात थांबण्यासाठी उरतो जेमतेम अर्धा तास, तोही संपूर्ण अर्ध्या प्रवासात. परतीला मात्र चंगळ आहे. पाचगणीहून १ वाजता निघालात, पसरणी उतरून पुढे ताशी १८ ने आलात, तरी साडेसहाच्या सुमारास पुण्यात, आणि मुदत साडेसातची. म्हणजे दिवसाचा सगळा ताण वाईच्या आधी आणि वाईच्या लगेच पुढे आहे. ‘घाट चढता येईल का’ हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारताय. त्यापेक्षा ‘१२.४० ला मी पाचगणीत असेन का’ हा विचारा. पहिल्याचं उत्तर भीती देते, दुसऱ्याचं मोजून काढता येतं.

तो अर्धा तास कसा जातो हे कंट्रोलवर बसून बघण्यासारखं असतं. माणूस येतो, सायकल भिंतीला टेकवतो, हेल्मेट काढतो, हातमोजे काढतो, बुटांचे पट्टे सैल करतो. कार्डावर शिक्का घेतो. मिसळ मागवतो, ती येईपर्यंत फोन काढतो, घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो, खाली आलेल्या अंगठ्यांना उत्तरं देतो. मग बाटली भरायची राहिलेली आठवते. मग एक हातमोजा सापडत नाही. पस्तीस मिनिटं गेली, आणि विचाराल तर सांगेल, ‘पाचच मिनिटं थांबलो होतो.’ घाटात एवढी मिनिटं वाचवायची तर महिनोन्महिने घाम गाळावा लागेल. इथे ती फुकट मिळतात. जाताना दोनच थांबे ठरवा: शिरवळच्या आसपास एक, वाईत एक. प्रत्येकी दहा मिनिटं, उतरण्याआधीच काय काय करायचं हे मनात ठरवून. उरलेली दहा मिनिटं पंक्चरसाठी पदरात ठेवा. मिसळीचा हट्टच असेल तर परतीला खा, तेव्हा वेळ आहे.

आता सायकल. तुमच्या हायब्रिडला पुढे तीन आणि मागे आठ गिअर आहेत असं लिहिलंय. पुढची सगळ्यांत लहान चकती बहुधा २८ दातांची असेल आणि मागची सगळ्यांत मोठी ३२ दातांची. एकदा मोजून बघा. तसं असेल तर पेडलच्या एका फेरीला सायकल दोन मीटरपेक्षाही कमी पुढे जाते आणि मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसहा-सात किलोमीटरचा वेग पडतो. मित्र सुचवताहेत त्या रोडबाइकवर अनेकदा पुढे ३४ आणि मागे २८ दात असतात. तिथे त्याच ६० फेऱ्यांना ताशी ९ चा वेग लागतो, नाहीतर गुडघ्यांवर जोर काढत कण्हत चढायचं. म्हणजे घाटासाठी तुमचीच सायकल जास्त सोयीची आहे. ती वजनाला जड आहे हे खरं. पण तुम्ही आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरलं, तर एक किलो कमी केल्याने पसरणीत वेळ वाचतो एखादा मिनिट. लाखभर रुपयांचा मिनिट! सपाटीवर रोडबाइक फरक पाडते, नाही असं नाही. पण आठ आठवड्यांवर राइड आली असताना नवी सायकल घेणं म्हणजे नवी बसण्याची ढब, नवी पाठदुखी, हात बधिर होणं. पुढच्या वर्षी घ्यायची असेल तर हौसेने घ्या.

त्याऐवजी हजार-दोन हजार रुपये खर्च करा आणि चांगल्या मेकॅनिककडून सर्व्हिसिंग करून घ्या. चेन किती ताणली गेली आहे, मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर चेन न अडखळता चढते का, ब्रेकची रबरं किती उरली आहेत, टायरला कुठे चिरा आहेत, हे चार प्रश्न त्याला विचारा. कात्रजला दोनदा उतरावं लागलं तेव्हा तुम्ही नक्की कोणत्या गिअरवर होतात? पत्रात ते नाही. माझा अंदाज असा की पुढची लहान चकती तुम्ही वापरलीच नसेल. ती वापरणं म्हणजे कमीपणा असं काहीतरी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, आणि मग चढावर ऐनवेळी गिअर टाकायला जावं तर चेन घसरते. चढ सुरू होण्याआधी, पेडल हलकं असतानाच पुढची चकती बदलायची सवय करा. या आठवड्यात पुन्हा कात्रजला जा आणि पायथ्यापासूनच सगळ्यांत हलक्या गिअरवर चढा. शेजारी कोणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करा, मग स्पीडोमीटर ६ दाखवू दे नाहीतर साडेपाच. तेव्हाही उतरावं लागलं तर मला पुन्हा लिहा. नाही लागायचं बहुतेक.

सरावासाठी आठवड्यातून तीन दिवस पुरे. नोकरी आहे, घर आहे, रोज पहाटे उठून सायकल काढायला गेलात तर पाचव्या आठवड्यात सर्दी-ताप किंवा वैताग, दोन्हींपैकी एक येणारच. ऑफिसच्या दिवसांत दोनदा तासाभराची राइड. त्यातली एक चढाची: कात्रज किंवा बोपदेव, जे घराजवळ असेल ते. बोपदेव कात्रजपेक्षा आखूड पण उभा आहे. सुरुवातीला एकदा चढा, तिसऱ्या आठवड्यापासून दोनदा, पुढे जमलं तर तीनदा. बघायचं इतकंच की दुसरी चढाई पहिलीपेक्षा फार हळू होत नाही ना. पहिली २५ मिनिटांत आणि दुसरी ३५ मिनिटांत होत असेल तर पहिली फार जोरात झाली. लोक तुम्हाला सिंहगडावर न्यायला बघतील. सिंहगडाचा रस्ता पसरणीपेक्षा कितीतरी खडा आहे. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे आणि पाचगणी तेराशेच्या आत, त्यामुळे पसरणी लांब असली तरी तिचा चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपासच राहतो. तुम्हाला तासभर न थांबता हळूहळू पेडल मारायची सवय हवी आहे. सिंहगड त्या कामाचा नाही, तिथे फक्त आत्मविश्वास जायचा.

शनिवारी किंवा रविवारी लांबची राइड. ८० वरून १००, मग एक आठवडा मुद्दाम ६० वर उतरा, मग १२०, मग १४०. दोनशे आधी करून बघायची गरज नाही. १४० करून दुसऱ्या दिवशी जिने चढता-उतरता येत असतील तर २०० होतात. शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आणा. त्या दहा दिवसांत जो माणूस धास्तीने ‘अजून एक लांबची मारून घेऊ’ म्हणतो तो सुरुवातीच्या रेषेवर दमलेलाच येतो.

आणि एक रंगीत तालीम. राइडच्या चार आठवडे आधी, सुट्टीच्या दिवशी सकाळी सायकल गाडीत टाकून शिरवळला जा. इथे यजमानांना कामाला लावा. शिरवळ-पाचगणी-शिरवळ साधारण १०० किलोमीटर, आणि खंबाटकी व पसरणी दोन्ही त्यात येतात. पुण्याहून शिरवळला कात्रज धरून पावणेतीन तासांत पोहोचाल असं मानू, म्हणजे पाचगणीसाठी तीन तास ५५ मिनिटं उरतात. खऱ्या राइडच्या दिवशी पाय आधीच पन्नास किलोमीटर चाललेले असतील, म्हणून पंधरा मिनिटं वजा करा. शिरवळहून पाचगणी, थांब्यासकट, ३ तास ४० मिनिटांत झालं आणि परत शिरवळला येतानाही अंगात थोडी धुगधुगी असली, तर नाव काढू नका. चार तासांच्या वर गेलं तर मी सांगेन की ही राइड सोडा, आणि त्याच हंगामात कमी चढाची दुसरी २०० शोधा. हिवाळ्यात त्या मिळतात. अधेमधे आलात तर राइडला जा, पण १२.४० चुकण्याची तयारी ठेवून. तोवर निर्णय डोक्यात घोळवत बसू नका. तालमीच्या संध्याकाळी ठरवायचं, त्याआधी नाही.

चढाची भीती पायांना वाटते, पण दगा पोट देतं. बहुतेक लोक दोनशेमध्ये भुकेने आणि पाण्याने गळतात. तुम्ही बँकेत आहात म्हणून सांगते: भूक लागल्यावर खाणं म्हणजे हप्ता थकल्यावर भरणं, दंड बसतोच. दर पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाकायचं, भूक असो-नसो. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं जायला हवीत. दोन केळी झाली की तेवढी होतात, किंवा एक केळं आणि तीन-चार खजूर. सतत गोड खाऊन तिसऱ्या-चौथ्या तासाला तोंड मळमळतं, तेव्हा उकडलेला बटाटा मीठ लावून किंवा तिखट-मिठाच्या दशमीचा तुकडा फार चांगला लागतो. शेंगदाण्याची चिक्की मला आवडते, पण चढावर नको, धापा टाकताना दाण्याचा तुकडा घशात जातो. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस. एनर्जी जेल ग्रुपमध्ये सगळे घेतात म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. सरावात पचलेलंच त्या दिवशी खायचं. आणि केळी जर्सीच्या मागच्या खिशात वर डोकावतील अशी ठेवू नका. घाटात माकडं आहेत, आणि ताशी सात किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला गाठणं त्यांना जड नाही.

शरीराबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ग्रुपमधले पुरुष हे सांगणार नाहीत. सराव वाढवण्याआधी रक्ततपासणी करा, विशेषतः हिमोग्लोबिन. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आपल्याकडे कितीतरी जणी दहा-साडेदहावर वर्षानुवर्षं घर-नोकरी ओढत असतात आणि चढावर दम लागला की ‘माझा स्टॅमिनाच नाही’ म्हणून स्वतःला दोष देतात. ४६ व्या वर्षी पाळी अनियमित झाली असेल, रक्तस्राव जास्त असेल, तर हे आणखीच महत्त्वाचं. रक्तदाब आणि ईसीजीही बघून घ्या, आणि काय करणार आहात हे डॉक्टरांना नीट सांगा. ‘थोडी सायकल चालवते’ असं सांगितलंत तर ते ‘चालवा’ एवढंच म्हणतील. पाळी त्याच सुमारास येणार असेल तर त्यात काय वापरायचं हे लांबच्या राइडला आजमावून बघा. स्वच्छतागृहांसाठी महामार्गावरचे पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं हेरून ठेवा. ‘जावं लागेल’ म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मी पाहते, आणि दुपारी त्यांचंच डोकं दुखतं, त्यांच्याच पोटऱ्यांत गोळे येतात.

रस्त्याबद्दल. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सुरुवातीचा तासभर आणि शेवटचा भाग अंधारात. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट बीआरएममध्ये सक्तीचं असतं ते यासाठीच. मागचे दिवे दोन लावा. पहाटे गारठा आणि पसरणीत ऊन, त्यामुळे एकच जाड जाकीट नको, घडी करून खिशात जाणारं पातळ विंडचीटर घ्या. उसाचा गळीत हंगाम चालू असेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असेल तर त्याच्या मागे चिकटून वारा वाचवायचा मोह होतो, नको. वरून ऊस पडतो, आणि रस्त्यावर पडलेल्या कांड्यावरून पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही. शनिवार म्हणजे स्ट्रॉबेरी खायला निघालेल्या सगळ्या मोटारीही पसरणीतच. चढताना त्यांचा त्रास कमी, उतरताना जास्त, कारण समोरून ओव्हरटेक करणारा तुमच्या बाजूला येतो. ब्रेक धरून ठेवू नका, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा. परतीला खंबाटकीचा घाट नाही, बोगद्याची बाजू आहे, आणि बोगद्यापुढचं वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. त्या पट्ट्यात रस्त्याची कामंही चालतात, म्हणून संयोजक सुरुवातीला जे सांगतील ते कान देऊन ऐका. नेमकं तेव्हाच सगळे सेल्फी काढत असतात. शेवटी कात्रज पुन्हा आहे, दक्षिणेकडून, संध्याकाळच्या रहदारीत. त्याच्यासाठी एक केळं राखून ठेवा.

तुमच्यासारखीच पत्रं इतर गावांहूनही येतात, त्यांनाही गणित हेच. मार्गावर चढ कुठे आहेत, पहिल्या अर्ध्यात की दुसऱ्या, आणि मधला कंट्रोल कधी बंद होतो, हे आधी काढा. मुंबईकरांना जुन्या महामार्गाने खोपोलीहून खंडाळ्याची चढण आहे, द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे हे ध्यानात ठेवून. नाशिककरांना सरावाला कसारा, कोल्हापूरकरांना पन्हाळा. नागपूरकडच्या मंडळींनी घाट नाही म्हणून हातपाय गाळू नयेत. समोरून वारा असताना जड गिअरवर तासभर बसून पेडल मारणं आणि उड्डाणपूल दहा-दहा वेळा चढणं, यानेही पाय तयार होतात. अमित समर्थ नागपूरचेच, आणि २०१७ साली त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत एकट्याने पुरी केली.

आता यजमानांची गाडी. त्यांची काळजी रास्त आहे, पण मागेमागे गाडी चालत नाही. बीआरएममध्ये मदत घ्यायची ती फक्त कंट्रोलवर. मधल्या रस्त्यात गाडी मागे ठेवली तर तुम्हीच बाद व्हाल. शिवाय घाटात ताशी सातने चालणाऱ्या सायकलमागे मोटार रांगत असली की तिच्या मागे हॉर्नची रांग लागते, ते तर सगळ्यांत धोक्याचं. त्यांना हा नियम संयोजकांच्या पत्रकातून दाखवा, तुमच्या तोंडून ऐकला तर ती पळवाट वाटेल. त्यांना यायचंच असेल तर पाचगणीच्या कंट्रोलवर येऊन थांबू देत, कोरडे मोजे आणि दशमी घेऊन. नाहीतर फोनवरून लाइव्ह लोकेशन चालू ठेवा आणि एक पॉवर बँक जवळ बाळगा. त्यांनी तासातासाला फोन करायचा नाही, तुम्ही शिरवळ, वाई, पाचगणी आणि परतीचं शिरवळ अशा चार ठिकाणांहून मेसेज करायचा, एवढं दोघांत ठरवून घ्या. राइड सोडायची वेळ आली तर आधी संयोजकांना कळवायचं, मग घरी. न कळवता टेम्पोत बसून निघून गेलेल्या माणसाला अंधारात शोधत फिरावं लागतं. गाडी घेऊन न्यायला यायचं ते तेव्हा, आणि तेव्हा यजमानांनी ‘मी म्हणालो नव्हतो?’ असं म्हणायचं नाही, हेही आत्ताच ठरवून टाका.